जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते?

उज्जैन परिसरात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी उरकते न उरकते तोच गव्हाच्या पेरणीची लगबग सुरू होते. माल चिमणगंज मंडीत पोहोचवायचा, शेतही तयार करायचे. त्यामुळे ट्रॅक्टर रात्रीही राबतो. अशा वेळी दिवे मंदावले, तर भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर निघणे जिवावर बेतू शकते. बॅटरी उतरली की नवी घेण्याकडे कल असतो. मात्र दोष पुष्कळदा चार्जिंग यंत्रणेत असतो आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते. गोव्यातील जुन्या ट्रॅक्टरांनाही पुढील तपासणी लागू पडते.

प्रारंभ साध्या गोष्टींपासून करावा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा. अधिक सैल असल्यास तो घसरतो. बॅटरीच्या टोकांवरील पांढरट थर आणि अर्थिंगच्या तारेखालील गंज खरवडून काढावा. काळ्या मातीची धूळ व कंपने यांमुळे जोड सैल होतात, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर मल्टीमीटर लावावा. काही तास विसावलेली, पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगाने चालवल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढायला हवा. तो चढलाच नाही, तर अल्टरनेटरच्या मुख्य टोकावर मोजावे. तेथे दाब योग्य आणि बॅटरीवर कमी असेल, तर दोष मधल्या तारेत वा जोडात आहे. दोन्हीकडे कमी असल्यास कार्बन ब्रश, रेग्युलेटर व अल्टरनेटर तपासून घ्यावेत. चार्जिंगचा इशारादिवा चावी फिरवूनही पेटत नसेल, तर त्याचा बल्ब आधी पाहावा. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह त्याच्यातूनच मिळतो. दाब १५ व्होल्टच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला समजावा. अशाने बॅटरीतील पाणी आटते.

फार जुन्या ट्रॅक्टरांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो. मंद वेगात तो पुरेसा प्रवाह देत नाही, हा बिघाड नव्हे. वेग वाढवूनही चार्जिंग होत नसेल, तरच ब्रश व कटआउट तपासावेत.

अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन सुरू असताना बॅटरीची तार काढून ‘चाचणी’ घेण्याची सवय टाळावी. दाब एकाएकी उसळून आतील डायोड जळू शकतात. दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर दिवसाउजेडीच चालवावा.