गाळाचा हिशेब ब्रासमध्ये

पाण्याचं कोल्हापूर : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण बालिंगा आणि शिंगणापूरच्या उपसा केंद्रांपाशी थांबलो होतो. तिथलं पाणी राधानगरीहून भोगावतीतून येतं. पण राधानगरीला जाण्याआधी कळंबा तलावावर एक फेरी मारू. गाळ डोळ्यांनी बघायचा तर एवढी सोयीची जागा नाही.

कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे ओढे अडवून १८८० च्या दशकात शहरासाठी हा तलाव बांधला. पाणी उताराच्या जोरावर शहरात यायचं. ना मोटर, ना वीजबिल. २०१६ च्या उन्हाळ्यात तो आटला आणि एरवी पाण्याखाली झाकलेला गाळ उघडा पडला.

हा गाळ येतो कसा? पहिल्या मोठ्या पावसात ओढा तांबडा होऊन धावतो. धाव असते तोवर पाणी माती वाहून नेतं. तलावात शिरलं की थबकतं आणि अंगावरचं ओझं टाकून देतं. वाळू आणि मुरूम ओढ्याच्या तोंडाशीच पडतात, बारीक माती पुढे सरकते आणि पिठासारखी चिकणमाती पार बांधापर्यंत पोचते. म्हणजे गाळ तळच्या मृतसाठ्यातच जाऊन बसतो हा समज अर्धाच खरा. तोंडाशी साचणारा गाळ थेट आपल्या वापराच्या पाण्याची जागा खातो. पातळी मोजायच्या पट्टीला हे दिसत नाही. ती उंची सांगते, पोट किती भरलंय ते नाही. सांडवा वाहतो, ‘तलाव भरला’ अशी बातमी येते, आपण फोटो काढून घरी येतो.

कळंबा छोटा आहे. आटला तर त्यात पोकलेन उतरवता येतो. राधानगरीचं काय? शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाची क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एक कोटी ब्रास. समजा, धरणाचा फक्त एक टक्का गाळानं भरला, तर ८ लाख ३६ हजार ब्रास झाला. चार ब्रासचा डंपर धरला तर २ लाख ९ हजार खेपा. रोज २०० खेपा, उन्हाळ्याचे ९० दिवस, एकही सुट्टी न घेता, तरी साडेअकरा वर्षं लागतील. तोवर ओढे काही थांबून राहणार नाहीत.

२०१७ मध्ये राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. चांगली आहे, पण शेतकऱ्याला हवा असतो पोयटा. वाळू-मुरूम पदरखर्चानं शिवारात कोण नेणार?

राधानगरीला सांभाळलंय ते वरच्या दाजीपूरच्या जंगलानं. गवे बघायला जाणाऱ्यांनी पायाखालचा पालापाचोळाही बघावा. धो धो पाऊस आधी झाडांवर आणि मग त्या पाचोळ्यावर पडतो, उघड्या मातीवर नाही. कळंब्याच्या वर असं जंगल नाही. तिथं शेतं आहेत आणि शहर सरकेल तसे प्लॉट पडतायत. पायासाठी उकरलेल्या मातीचा ढीग जूनपर्यंत तसाच राहिला तर तो कुठं जातो, हे सांगायला नको. तलाव महापालिकेचा, पण भोवतीची गावं तिच्या हद्दीबाहेर. ढीग हलवा म्हणून नोटीस द्यायची कुणी, हाच पहिला घोळ.

पुढच्या आठवड्यात काळम्मावाडीची थेट पाइपलाइन.