लिथियमचे काटे आणि फ्लोराइडचे कवच

मोबाईलच्या बॅटरीने पेट घेतला की ‘फुटली’ एवढे म्हणून मोठी माणसे थांबतात. वसतिगृहातील मुले मात्र ‘का?’ विचारतात. कारण जाणल्याशिवाय काहीही न स्वीकारण्याचा संस्कार देणाऱ्या शाळेने त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्याने सुरुवात एका अपयशापासून करतो.

१९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी घडविली. तिचे ऋण टोक लिथियम धातूचे होते. या धातूचा मोह सहजी सुटत नाही. एक ग्रॅम लिथियम सुमारे ३,८६० मिलिअँपिअर-तास विद्युतभार देऊ शकतो. आजच्या मोबाईलमधील ग्राफाइट केवळ ३७२. परंतु चार्ज होताना हा धातू सपाट न बसता काट्यांसारखा वाढतो. काटा मधला पडदा भेदून पलीकडे भिडला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. १९८९ मध्ये आगीच्या घटनेनंतर कॅनडातील मोली एनर्जी कंपनीला अशा बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत लिथियम धातूऐवजी कार्बन आला. तरीही फार वेगाने किंवा कडक थंडीत चार्ज केल्यास ग्राफाइटवरही लिथियम धातू साचू शकतो. मुलांच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे.

काटे का वाढतात? द्रावणाचा स्पर्श होताच लिथियमवर अभिक्रियेने एक पातळ थर जमतो. तो सर्वत्र सारखा नसतो. जिथे तो विरळ, तिथे आयनांची गर्दी होते. उंचवटा तयार झाला की आणखी आयन त्याच्याकडेच ओढले जातात. ज्याला आधी मिळाले त्यालाच पुन्हा मिळावे, ही रीत आम्हांस समाजातही परिचित आहे.

यावर धातूंच्या फ्लोराइडांचा उपाय संशोधकांनी योजला. लिथियमवर झिंक फ्लोराइडचा लेप दिला, तर लिथियम त्यातील फ्लोरीन स्वतःकडे घेऊन लिथियम फ्लोराइड बनतो आणि सुटलेले जस्त उरलेल्या लिथियमशी संमिश्र करते. लिथियम फ्लोराइड इलेक्ट्रॉनांना अडविते, म्हणून द्रावणाची नासाडी घटते आणि धातू थराच्या खाली जमतो. लिथियम त्याला फारसा चिकटत नाही. त्यामुळे वर घुसण्याऐवजी तो आडवा पसरतो. संमिश्र आयनांना सर्वदूर वाट देते.

अडचण उरते ती लेपाच्या जाडीची. लिथियम फ्लोराइडमधून आयन फार सावकाश सरकतात, म्हणून लेप जाड झाल्यास वाटच अडते. पातळ ठेवावा, तर प्रत्येक चार्जिंगला खालचा धातू फुगतो-आकसतो, ठिसूळ लेपाला तडा जातो, आणि नवा काटा नेमका त्या तड्यातूनच डोके वर काढतो.