बेहेडा आणि तर्जुमा: हुजूर दफ्तरांतील हिशेब-तपासणी

जुन्या कागदांच्या संग्रहांत 'जमाखर्चाचा बंद' म्हणून ठेवलेल्या पुष्कळ कागदांतील आंकडे कितपत प्रमाण मानावे, अशी पृच्छा संग्राहक वारंवार करितात. आमच्या मतें याचें उत्तर आंकड्यांत नाहीं. कागद पुण्याच्या हुजूर दफ्तराच्या कोणत्या शाखेंत तयार झाला, यावर तें अवलंबून आहे.

या दफ्तराचे मुख्य भाग दोन, चालतें दफ्तर व एकबेरीज दफ्तर. चालतें दफ्तर फडणिसाच्या हाताखालीं असे. (हा शब्द 'फर्दनवीस' यावरून आला, त्यास संस्कृत धातु शोधण्याचा खटाटोप नको.) त्यांतील फडांतून हुकूम व सनदा सुटत आणि तेथेंच हिशेब येत, बेहेडा-शाखेंत त्यांवरून गांववार व महालवार अजमास बांधीत. एकबेरीज दफ्तरांत सर्व हिशेब एकवटून वर्षाची जमा, खर्च व बाकी दाखविणारे तर्जुमे निघत. बेहेड्यांतील रक्कम अपेक्षित, तर्जुम्यांतील हिशेबीं आलेली. बेहेड्यावरून परगण्याचा वसूल सांगणें म्हणजे पंचांगांतील पर्जन्य वाचून विहिरीचें पाणी मोजणें होय.

जिल्ह्यांतील योजना याहून चतुर होती. मामलेदाराजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरकदार असत, आणि त्यांस दूर करण्याचा अधिकार त्यास नसे. फडणीस रोजकीर्द लिही व पैशाच्या थैल्यांस चिठ्या बांधी. दफ्तरदार तीवरून खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरांत पाठवी. मुजुमदार हिशेब तपाशी. नाणें पारखणारे पोतदार तर दोन असत. अपहाराचे चाळीस प्रकार मोजणारा कौटिल्य ज्यांनीं वाचला आहे, त्यांस या दक्षतेचें नवल वाटणार नाहीं.

तथापि एक छिद्र राहिलेंच. १८१९ च्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टन 'दरबारखर्च' अथवा 'अंतस्थ' या कलमाचें वर्णन करितो. मंत्री व हिशेब तपासणारे यांस गुप्तपणें द्यावयाच्या या रकमा कालांतरानें ठरीव होऊन उघड हिशेबांत चढल्या. मग नव्या गुप्त देण्यासाठीं रयतेवर आणखी वसुली बसली. तपासणारेच घेणारे असल्यानें त्या कलमाची बारीक चौकशी होईना, व मामलेदार त्या आडून स्वतःसाठींच अधिक गोळा करीत. एल्फिन्स्टन जेत्यांपैकीं, हें विसरूं नये. पण येथें त्यानें रोगाचें मूळ नेमकें धरलें आहे. सबब तर्जुमाही वसुलाचा पुरावा होय, रयतेनें दिलेल्या एकूण रकमेचा नव्हे.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमलांत (१७९६–१८१८) मामलती मक्त्यानें देण्याची चाल वाढली, दफ्तराची आबाळ झाली व कागद बाहेर नेण्यासही मोकळीक मिळाली. खासगी संग्रहांतील कांहीं सुटे बंद याच वाटेनें आले असणें शक्य आहे. म्हणून रुमाल सोडतांना बंदांचा क्रम मोडूं नये, आणि सुटा बंद हातीं आल्यास माथ्यावरील 'बेहेडा', 'अजमास' किंवा 'तर्जुमा' हा शब्द व सुहूर सन प्रथम टिपून घ्यावा. सुहूर सन मृगापासून चालतो. त्यांत महिन्याप्रमाणें ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो.