आधी बोथट, मग टोकदार

सकाळी ६.१५

या वेळेला पाचोरा स्टेशनवर गर्दी असते ती पासवाल्यांची. शिक्षक, बँकेतले, कॉलेजची पोरं, आणि मी. जळगावच्या एका खासगी रुग्णालयात मी कॅथलॅब टेक्निशियन आहे. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली मागे टाकत जळगाव येतं, तोवर डब्यातल्या कोणीतरी मोबाइलवरचा ईसीजी पुढे केलेलाच असतो. “ताई, आबांचा आहे, जरा बघता का?” निदान करणं डॉक्टरांचं काम, ते मी करत नाही. पण एक गोष्ट दर वेळी सांगते. छातीवर दाब आणि अंगाला घाम असेल तर जळगावच्या गाडीची वाट बघत बसू नका. आधी पाचोऱ्यातच ईसीजी काढा, पुढची धावपळ कुठे करायची ते त्या कागदावरून ठरतं.

७.४५

यंत्रं सुरू होतात. अंगावर शिशाचा एप्रन, त्याच्या आत छातीशी टीएलडी बॅज. हा बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि अंगावर किती किरणं पडली ते सांगतो. मग प्रेशरच्या ट्रान्सड्यूसरचं शून्य लावायचं, झोपलेल्या रुग्णाच्या छातीच्या मध्याशी त्याची पातळी जुळवायची. ती चार बोटं वरखाली झाली तरी आकडा चुकतो. आज हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली प्रेशर मोजायची आहेत. तिथे पाच-सहा आकड्यांचा फरकही फार मोठा.

यानंतरचा माझा आवडता वेळ कॅथेटरच्या कपाटापुढचा. बाहेरच्या माणसाला सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात, मीटरभर लांब आणि टोकाशी वाकलेल्या. सहा फ्रेंचची नळी म्हणजे बाहेरून दोन मिलिमीटर. तीन फ्रेंचला एक मिलिमीटर हा हिशेब पॅरिसमधल्या शारिएर नावाच्या उपकरण बनवणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात घालून दिला, तो अजून चालतो. एवढ्याशा जाडीत गाइडिंग कॅथेटरला तीन थर असतात. आत घसरडं टेफ्लॉन, मधे पोलादी तारेची वीण, बाहेर नायलॉनसारखं प्लास्टिक. वीण नसती तर मनगटाशी दिलेला पीळ टोकापर्यंत पोहोचला नसता, नळी वाटेतच मुरडली असती. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये मात्र वीण मुद्दाम सोडून दिलेली असते. तेवढा भाग रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकणार, म्हणून तो मऊ.

आणि टोकाचा बाक! कुठल्या कामाला कुठली नळी हे त्या बाकावर ठरतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत मेल्विन जडकिन्स आणि कुर्ट ॲम्प्लाट्झ यांनी हृदयाच्या डाव्या-उजव्या धमन्यांसाठी वेगवेगळे बाक ठरवले. नळी नुसती पुढे सरकवली तरी तिचं तोंड आपसूक धमनीच्या तोंडाशी जावं, असा तो विचार होता. आजही आम्ही जेएल, जेआर, एएल अशीच हाक मारतो. जेएल ४ मधला चार म्हणजे दोन बाकांमधलं अंतर, सेंटिमीटरमध्ये. महाधमनी रुंद असली तर मोठा आकडा, लहान असली तर लहान. आमच्याकडे येणाऱ्या बारीक अंगाच्या बायकांना बहुतेकदा साडेतीन लागतो. तो कप्पा मी कधी रिकामा होऊ देत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत रोज चटया विणल्या जातात, ठिबकच्या नळ्या ओढल्या जातात. वितळलेल्या प्लास्टिकमधून नळी काढण्याची विद्या या जिल्ह्याला चांगली अवगत आहे. कॅथेटरची नळीही मुळात अशीच ओढून काढतात, फक्त तिथे चूक केसाच्या जाडीच्याही आत ठेवावी लागते. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी या कामाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या बायकांच्या महाधमनीचं माप त्यांना पुस्तकातून समजावून द्यावं लागणार नाही.

९.००

पहिली केस भडगावकडच्या एका काकांची, मनगटातून अँजिओग्राफी. १९८९ मध्ये कॅनडातल्या लुसियन काम्पो यांनी ही वाट दाखवली. आता बहुतेक केस मांडीऐवजी मनगटातूनच होतात आणि माणूस दुपारी उठून बसतो.

डॉक्टरांची नजर एक्स-रेच्या पडद्यावर, माझी प्रेशरच्या रेषेवर. नळीचं तोंड धमनीत घट्ट रुतलं किंवा भिंतीला टेकलं तर उंच उठणारी रेषा एकदम बसते. “सर, डॅम्प!” मी म्हणते आणि ते नळी किंचित मागे घेतात. त्या स्थितीत एक्स-रेत दिसणारा डाय जोराने मारला तर धमनीचा आतला पापुद्रा सुटू शकतो. रेषा पुन्हा उंच झाली की मी मान हलवते. काकांच्या दोन धमन्या ठीक, एकीत अडथळा. तो दुपारी काढायचा ठरतं. आरोग्यमित्र त्यांच्या मुलाला घेऊन महात्मा फुले योजनेच्या मंजुरीच्या कागदांना लागतात.

११.१५

ही आजची मोठी केस. तिशीही न गाठलेली एक बाई, कापूस वेचायला जाणारी. दुसऱ्या बाळंतपणात धाप लागायला लागली. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं आणि तोवर झाकून राहिलेला झडपेचा आजार उघडा पडतो. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडायला हवी. हिची एकसुद्धा उघडत नाही. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपेच्या पाकळ्या कडांशी चिकटल्या आहेत. त्या फुग्याने सुट्या करायच्या.

अडचण अशी, की ही झडप डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे आहे आणि आपण मांडीच्या शिरेतून येणार उजव्या कप्प्यात. मधे भिंत. ती ओलांडायचीच, आणि तीही धडधडणाऱ्या हृदयात, बाई जागी असताना.

भिंतीत एक पातळ जागा असते. पोटातल्या बाळाच्या हृदयात तिथे उघडी वाट असते, जन्मल्यावर ती मिटते आणि तिथे पातळ पडदा उरतो. चारातल्या एका माणसात तर ती आयुष्यभर पूर्ण चिकटतही नाही. १९५९ मध्ये जॉन रॉस यांनी या जागेतून सुई नेऊन डाव्या कप्प्यात पोहोचण्याची रीत मांडली. ब्रोकेनब्रो यांनी ती सुई सुधारली, तिला आजही त्यांचंच नाव आहे. मलिन्स यांनी तिच्यासाठी लांब, वाकवलेली शीथ, म्हणजे बाहेरची नळी, तयार केली. माझ्या ट्रेवर आज हे सगळं ओळीने मांडलेलं आहे. सुई, शीथ, आणि शीथच्या आतला निमुळता पण बोथट डायलेटर.

या रचनेतलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. सुई पुढे आणि नळी मागे, असं इथे नाही. सुई डायलेटरच्या आत दडलेली. तिचं टोक बाहेर पडू नये म्हणून मागच्या बाजूला बोटभर अंतर राखलेलं. पुढे चालतो तो बोथट डायलेटर. भिंत चाचपायची त्याने, जागा शोधायची त्याने. वाट नक्की झाल्यावरच सुईला परवानगी. आणि सुईच्या मागच्या टोकाला एक बाण आहे. आत वाक कुठल्या दिशेला वळलाय ते बाहेरच्या हाताला कळावं म्हणून.

सर सगळा संच वरच्या मोठ्या शिरेतून सावकाश खाली ओढतात, बाण घड्याळातल्या चार-पाचच्या दिशेला. पडद्यावर टोक एकदा हिसका देऊन उजव्या कप्प्यात उतरतं. आणखी खाली. मग दुसरा, हलका हिसका. जुन्या धाब्याच्या घरात अंधारात भिंतीवरून हात फिरवावा आणि बोटं दिवळीत जावीत, तसं टोक त्या पातळ खळग्यात बसतं. महाधमनीत ठेवलेली पिगटेल नळी पडद्यावर शेजारीच दिसते. तिच्यामुळे महाधमनी कुठे आहे ते कळतं. सुई तिकडे गेली तर अनर्थ. ती मागच्या बाजूला भलतीकडे गेली तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठतं, आणि त्यावर उपाय करायला मिनिटंच हातात असतात. म्हणून इको मशीन शेजारी चालू आहे.

या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. मी एकटीच बोलते, बाईशी.

“माय, छातीमा दुखस का?”

“नही ताई.”

तिची भाषा अहिराणी, माझ्या आजीचीही. मराठीत विचारलं तरी तिला कळतं. पण घाबरलेला माणूस आपल्या घरच्या बोलीत खरं सांगतो.

सुई दोन-तीन मिलिमीटर पुढे जाते. माझ्या पडद्यावर उजव्या कप्प्याची ठेंगणी रेषा तुटते आणि तिच्या जागी उंच रेषा उभी राहते. “एलए, सर. मीन सव्वीस.” एलए म्हणजे डावा वरचा कप्पा, मीन म्हणजे तिथलं सरासरी प्रेशर. थोडा डाय देऊन खात्री होते, मग डायलेटर आणि शीथ पलीकडे जातात, सुई बाहेर येते आणि लगेच रक्त गोठू न देणारं हेपारिन दिलं जातं. सुईचं काम एवढंच.

पुढचा फुगा जपानचे शल्यविशारद कांजी इनोउए यांच्या नावाचा, १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरलेला. त्याचं माप उंचीवरून काढतात. उंचीचे सेंटिमीटर भागिले दहा, अधिक दहा. ही बाई दीडशे सेंटिमीटर, म्हणजे पंचवीस मिलिमीटरचा फुगा. तो एका दमात फुगत नाही. आधी पुढचा भाग फुगतो, तो झडपेच्या पलीकडे अडकवायचा. मग मागचा, म्हणजे झडप दोन्हीकडून धरली जाते आणि फुगा घसरत नाही. शेवटी मधली कंबर फुगते आणि पाकळ्या सुटतात. हे सगळं काही सेकंदांत, कारण तेवढा वेळ रक्ताची वाट बंद असते. इथेही तेच तत्त्व, आधी धरायचं, मग जोर लावायचा. मोजून भरलेली सिरिंज मी हातात देते. कंबर दिसते, पुसट होते, नाहीशी होते. फुगा लगेच रिकामा.

“मीन अकरा, सर.”

इकोवर झडप दोनच्या जवळ उघडलेली, गळती नाही म्हणण्याइतकी. बाई विचारते, झालं का? मी विचारते, आते कसं वाटी राह्यनं?

“हलकं वाटी राह्यनं, ताई.”

दुपारी १.४५

डबा. कळण्याची भाकर, ठेचा, कांदा.

३.००

सकाळच्या काकांची अँजिओप्लास्टी. अडथळा जुना, चुन्यासारखा कडक झालेला. बारीक वायर पुढे गेली, पण तिच्यावरून फुगा ढकलला की गाइड कॅथेटरच मागे सरकतं. सर बाक बदलून मागतात. नव्या नळीचा मागचा लांब बाक महाधमनीच्या समोरच्या भिंतीला पाठ लावून बसतो. आता आधार मिळाला. फुगा जातो, त्यामागून स्टेंट. सकाळी टोक भिंतीला लागू नये म्हणून मी रेषेवर डोळा ठेवून होते, आता महाधमनीची भिंतच आधार देते. टोक मऊ आणि पाठ ताठ हे दोन्ही गुण एकाच नळीत बसवणारे लोक माझ्या दृष्टीने मोठे आहेत. ते कोणत्याही रुग्णाला कधी दिसत नाहीत.

५.३०

रजिस्टर. वापरलेल्या प्रत्येक नळीचा, फुग्याचा, स्टेंटचा स्टिकर रुग्णाच्या कागदावर चिकटवायचा. संपलेल्या मापांची यादी करायची. जेएल साडेतीन मागवायचं.

रात्री ८.००

पाचोरा. हिवरा नदीच्या पुलावरून घरी येताना ओळखीची एक वहिनी थांबवते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला मागच्या वर्षी घसा धरला, मग ताप, मग आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा. डॉक्टरांनी संधिवाताचा ताप सांगून पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं, दर एकवीस दिवसांनी. दोन महिने झाले, घेतलेलं नाही. “आता तर पळतो, खेळतो. कशाला टोचायचं त्याला?”

मी तिला सकाळच्या बाईचं सांगितलं. तीही या वयात पळत-खेळत असणार. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्ध शरीर लढतं आणि त्या लढाईत आपल्याच झडपेला जखम करतं. त्या जंतूने घसा पुन्हा धरला की जखम वाढू शकते, वीस वर्षांनी पाकळ्या चिकटतात. इंजेक्शन जुनी जखम भरत नाही, नवी होऊ देत नाही. म्हणून ते बरं वाटत असतानाच घ्यायचं असतं, आणि किती वर्षं घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतात, आपण नाही. वहिनी उद्या मुलाला घेऊन जाणार आहे. मी तिच्या सासूलाही सांगितलं, कारण घरात तारीख तीच लक्षात ठेवते.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून मग सांधे एकामागून एक सुजत असतील, तर घरचा लेप लावत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. इंजेक्शन आधीच सुरू असेल, तर एकविसाव्या दिवसावर कॅलेंडरमध्ये आजच खूण करा. आणि त्या दिवशी कापूस वेचणी असो की घरचं लग्न, मुलाला दवाखान्यात नेल्याशिवाय राहू नका.