कीटकदंशाची कैफियत

पावसाळा ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की सह्याद्रीच्या गडकोटांवर, कोकणातील देवरायांत आणि विदर्भाच्या गवताळ माळांवर शहरांतून येणाऱ्या हौशी मंडळींचा राबता वाढतो. आणि दोन दिवसांच्या भटकंतीचा शीण उतरण्यापूर्वीच घोट्यांवर, पोटऱ्यांवर व कमरपट्ट्याच्या रेघेवर लाल गांध्या उठून खाजेने जीव हैराण झाल्याची तक्रार घरोघर रुजू होते. तक्रारीमागोमाग इलाजांनाही तोटा नसतो. कोणी पानाचा चुना लावावयास सांगतो, कोणी टूथपेस्टची नळी पुढे करतो, कोणी लोखंडाची किल्ली घासण्याचा आग्रह धरतो, आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस ‘तुझे रक्तच गोड’ असा निकाल देऊन मोकळे होते. या सर्व सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: दंशाबरोबर अंगात काही विष भिनले आहे, खाज ही त्या विषाची खूण आहे, आणि म्हणून जितकी खाज अधिक तितका अपाय अधिक. यातील पहिली दोन कलमे बहुतांशी चुकीची आहेत. तिसरे चुकीचे तर आहेच, शिवाय प्रसंगी प्राणावर बेतणारे आहे.

डासापासूनच आरंभ करू. डासांत केवळ मादी रक्त पिते, आणि तेही पोट भरण्यासाठी नव्हे, तर अंडी परिपक्व होण्यास लागणाऱ्या प्रथिनांसाठी. सोंड त्वचेत शिरल्यावर रक्त गोठून वाट बंद होऊ नये म्हणून ती आपली लाळ आत सोडते; या लाळेतील प्रथिने परकी आहेत हे ओळखून आपल्याच देहाची संरक्षणव्यवस्था हिस्टामिन नावाचे द्रव्य मोकळे करते; त्यायोगे सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतून द्रव झिरपतो, ती गांधी, आणि मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, ती खाज. म्हणजे खाज डासाने दिलेली नसून आपल्या देहाने केलेला तो प्रतिकार असतो. याचा पुरावाही सरळ आहे. ज्याला एखाद्या जातीचा डास आयुष्यात प्रथमच चावतो, त्याच्या अंगावर बहुधा काहीच उमटत नाही. पुढे दंश होत गेले की आधी दुसऱ्या दिवशी उठणारी, नंतर तत्काळ उठणारी गांधी दिसू लागते. आणि वर्षानुवर्षे चावे खाल्ल्यावर तीही हळूहळू मावळते. गावच्या ओसरीवर पाहुण्याचे पाय सुजावेत आणि शेजारी झोपलेल्या यजमानाच्या अंगावर ठिपकाही दिसू नये, याचे कारण हेच. यजमानाला डास चावत नाहीत असे त्यावरून कोणी अनुमान काढील तर हिवताप त्याची चूक लवकरच त्याच्या पदरात घालील, कारण ॲनाफेलिस डासाच्या लाळेतून येणारे परजीवी खाज उठते की नाही याची चौकशी करीत बसत नाहीत.

‘गोड रक्ता’चा सिद्धान्त तर तर्काच्या पहिल्याच पायरीवर कोसळतो, कारण रक्ताची चव कळण्यापूर्वी डासाला माणूस सापडावा लागतो, आणि तो सापडतो उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडने, देहाच्या उष्णतेने आणि घाम व त्वचेवरील सूक्ष्म जिवाणू यांच्या संयोगाने निर्माण होणाऱ्या गंधाने. हा गंध ज्याचा त्याला वेगळा असतो, काही अंशी आनुवंशिकही असतो, आणि त्यामुळे एकाच खोलीतील दोघांपैकी एकाभोवती डासांची गर्दी होते ही गोष्ट खरी आहे. परंतु मधुमेहाशी किंवा मिठाईशी तिचा संबंध नाही. लसूण खाऊन अथवा ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या गिळून हा गंध बदलत नाही. ध्वनिलहरींनी डास पळविणारी यंत्रे बाजारात अजूनही खपतात. 2007 साली कॉक्रेन या संशोधनसंस्थेच्या आढाव्यात अशा यंत्रांच्या 10 प्रत्यक्ष चाचण्या तपासण्यात आल्या, आणि त्यांपैकी एकीतही दंश कमी झाल्याचे आढळले नाही. निळ्या दिव्याच्या जाळीत रात्रभर तडतडून मरणारे कीटकही बहुतेक निरुपद्रवी पतंग व भुंगेरेच असतात.

ज्याचा भरवसा धरावा असे उपाय थोडेच आहेत आणि ते नीरस आहेत: पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, पायमोज्यांत खोवलेली विजार, आणि उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन यांसारखे कीटकरोधक. डीट हे द्रव्य अमेरिकेच्या सैन्याकरिता 1946 साली तयार झाले आणि 1957 पासून नागरिकांच्या वापरात आले. इतक्या दीर्घ उपयोगानंतरही ‘हे रसायन कातडीतून मेंदूत जाते’ अशी भीती बाळगली जाते, पण सूचनेबरहुकूम वापरल्यास दोन महिन्यांवरील बालकांनाही ते लावता येते. मात्र लहान मुलांच्या हातांना व डोळ्यांजवळ ते लावू नये, आणि घरी परतल्यावर धुऊन टाकावे. बाटलीवरील टक्केवारी जास्त म्हणजे औषध जास्त जहाल, असे मानणारे पुष्कळ असतात. वस्तुतः टक्केवारीने वाढतो तो प्रभावाचा काळ. उन्हापासून संरक्षण देणारे मलम लावावयाचे असल्यास ते आधी आणि कीटकरोधक त्यावर, हा क्रम ठेवावा. सिट्रोनेला, निलगिरी, कडुलिंब यांच्या तेलांना ‘नैसर्गिक’ या विशेषणाने जी प्रतिष्ठा मिळते ती त्यांच्या कर्तृत्वाच्या मानाने अंमळ अधिकच आहे, कारण ती तेले लवकर उडून जातात आणि संरक्षण अल्पकाळातच संपते. दुसरी एक दक्षता अशी, की डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो. सबब संध्याकाळ होईतो बंदोबस्त तहकूब ठेवण्यात अर्थ नाही.

आता चावा बसल्यानंतरच्या इलाजांकडे वळू. चुना हा तीव्र अल्कधर्मी पदार्थ आहे. खाजवून सोललेल्या त्वचेवर तो लावणे म्हणजे जखमेला भाजण्याची जोड देणे होय. टूथपेस्टने क्षणभर गार वाटते ते तिच्यातील पुदिन्याच्या अर्कामुळे, आणि तोच अर्क पुढे कित्येकांच्या त्वचेची आग करतो. किल्ली घासल्याने लोह काही शोषून घेत नाही. थंड धातूचा स्पर्श सुखावतो, इतकेच. मग तेच सुख स्वच्छपणे का घेऊ नये? दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, कॅलामाइन लावावे. खाज अनावर असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम थोडे दिवस, आणि रात्री झोप लागत नसेल तर वैद्याच्या सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी. हिस्टामिनविरोधी औषध पोटात घेणे ठीक. तेच मलमाच्या रूपाने अंगावर चोळल्यास कधीकधी त्याचीच ॲलर्जी जडते. आपल्याकडील औषधांच्या दुकानांत नुसते ‘खाजेवरचे मलम’ मागितले की जोरकस स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच नळीत कोंबलेला जो पदार्थ हाती ठेवण्यात येतो, त्यापासून मात्र कटाक्षाने दूर राहावे; त्याने दोन दिवस चमत्कार दिसतो, पण वापर लांबला की त्वचा पातळ होते आणि तेथे आधीच गजकर्ण असल्यास ते नाना रूपे घेऊन पसरते.

खाजवू नये, हे सर्वांस ठाऊक असते आणि कोणीच पाळीत नाही. खाजविल्याने बरे वाटते ते खोटे नव्हे, कारण नखांनी होणारी वेदना खाजेच्या संवेदनेला क्षणभर दडपून टाकते. परंतु त्या घर्षणाने त्वचेतील दाह वाढतो, खाज पुन्हा उसळते, आणि नखांखालील जिवाणूंना आत शिरण्यास वाट मिळते. उलटपक्षी, दंशानंतर पहिल्या दोन दिवसांत आलेली सूज म्हणजे ‘पू धरला’ असे समजून प्रतिजैविके सुरू करणे, हीदेखील चूकच. ती सूज, विशेषतः लहान मुलांत, पुष्कळ मोठी असली तरी बहुधा ॲलर्जीचीच असते. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. दोन-तीन दिवसांनंतरही लाली रेघ ओलांडून पुढे जात असेल, जागा गरम व दुखरी झाली असेल, ताप आला असेल, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण समजून वैद्याकडे जावे.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांचा मामला निराळा; येथे खरोखरच विष असते. मधमाशीचे विष आम्ल म्हणून त्यावर सोडा, गांधीलमाशीचे अल्क म्हणून त्यावर लिंबू, ही शालेय रसायनशास्त्राच्या थाटाची उपपत्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु दोन्ही विषे प्रामुख्याने प्रथिनांची बनलेली असतात आणि कातडीखाली खोलवर टोचली जातात, त्यामुळे वर लावलेला सोडा किंवा लिंबू त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. मधमाशीचा काटा नखाने खरवडूनच काढावा, चिमटीत धरू नये, हा दंडकही 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निराधार ठरला: काटा कसा काढला याला महत्त्व नाही, किती लवकर काढला याला आहे. आणि गडाच्या कड्यावर आग्यामोहोळ उठलेच, तर एका दंशातून निघणाऱ्या पिकलेल्या केळ्याच्या वासाने इतर माश्या हल्ल्याला प्रवृत्त होतात हे ध्यानी ठेवून, हातवारे न करता, तोंड झाकून दूर पळावे; पाण्यात बुडी मारून सुटका होत नाही, माश्या वर घिरट्या घालीत राहतात. दंशानंतर अंगभर गांध्या उठणे, ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपचारांत एक क्षणही दवडू नये: त्यावर मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच प्रथम इलाज, आणि त्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सेटिरिझिन त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गैरसमज खास आपल्या मुलखातला. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा, तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा मुंगीएवढा लांबट कीटक मानेवर बसतो, माणूस झोपेत त्याला चिरडतो, आणि एक-दोन दिवसांनी तेथे फोडांची लांबट रेघ उमटते. घरातले तिला नागीण म्हणतात, गेरूचा लेप लावतात, आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले तर माणूस दगावतो या भीतीने रात्र जागून काढतात. वास्तविक हा कीटक चावत नाही की डसत नाही. त्याच्या चिरडलेल्या देहातील पेडेरिन नावाचे द्रव्य त्वचा भाजते. तो अंगावर दिसल्यास चिरडण्याऐवजी फुंकून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी. खरी नागीण ही देहात सुप्त राहिलेल्या कांजिण्यांच्या विषाणूची व्याधी असून बहुधा शरीराच्या एकाच बाजूला होते. तेव्हा तिच्या वेढ्याची धास्ती व्यर्थ आहे, मात्र तिच्यावरील औषध पहिल्या 72 तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते, ही गोष्ट व्यर्थ नाही.

येथवर ज्यांचा उल्लेख झाला त्यांपैकी बहुतेकांनी आपली हजेरी खाजेने किंवा आगीने नोंदविली. ज्यांची खरी भीती बाळगावी ते मात्र मुकाट्याने येतात. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेमुळे वेदना सहसा जाणवत नाही. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर अरण्यात 1957 साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू व त्याचा वाहक, म्हणजे गोचीड, हुडकून काढले. हा ‘माकडताप’ 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात येऊन ठेपला, आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ लागली. तो माकडाच्या चाव्याने होतो हा समज नावामुळे रूढ झाला असला तरी चुकीचा आहे, आणि माणसापासून माणसालाही तो होत नाही. मेलेल्या माकडाजवळ गोचिडी विखुरलेल्या असतात, म्हणून तेथे न जाता आरोग्य खात्यास वर्दी द्यावी. अशा मुलखांत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने तयार केलेले ‘डेपा’ नावाचे तेल अंगाला लावून रानात जाण्याची शिफारस केली जाते. चिकटलेल्या गोचिडीला रॉकेल, जळती उदबत्ती किंवा व्हॅसलीन लावण्याची चाल आहे, ती सोडून द्यावी. तिने गोचीड डिवचली जाते आणि लाळ अधिकच आत सोडते. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून, न पिळता, सरळ व संथ ओढून काढावी.

गोचिडीहूनही मुका असतो तो गवतातील माइट, ज्याची अळी टाचणीच्या टोकाहून लहान असते. तिच्या दंशातून होणाऱ्या स्क्रब टायफसची मोठी साथ 2018 साली नागपूर व विदर्भात उसळली होती. दंशाच्या जागी काळी, कोरडी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि काख, जांघ, कमरेची वळी अशा आडोशाच्या जागी असल्याने रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. ताप येतो तो बहुधा एक ते दोन आठवड्यांनंतर, जेव्हा ती सहल विस्मरणात गेलेली असते. डॉक्सिसायक्लिन या जुन्या व स्वस्त औषधाने हा रोग बरा होतो, पण उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर आघात करून मृत्यूही घडवितो. तेव्हा रानातून परतल्यावर गरम पाण्याने अंग धुवावे, कपडे वेगळे काढून धुवावेत आणि काखा-जांघा आरशात नीट तपासाव्यात. आणि पुढल्या तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण कोठे, केव्हा व कोणत्या गवतातून हिंडून आलो हे त्यांना आपण होऊन सांगावे.