भरली ट्रॉली चढणीवर उभी करताना

घर उंचावर असले की भरलेली ट्रॉली चढणीवरच थांबते, आणि खाली पोरे खेळत असतात. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सारा भार ट्रॅक्टरवर येतो. दोन्ही ब्रेक-पेडल पट्टीने जोडून दाबा, म्हणजे दोन्ही चाके सारखी धरतात. हँडब्रेक ओढा, इंजीन बंद करून गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोहोंच्या चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे घट्ट लावा. गोल दगड नको, तो चाकाबरोबर घरंगळतो. किल्ली खिशात ठेवा. पोरांना गिअरचा दांडा फार आवडतो! ट्रॉलीची पिन मात्र सपाट जागेवरच काढा.