चांदण्यात सिमेइस १४७

तेजोमेघाचा फोटो काढायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: अंधारं आकाश गाठा. आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी पाहायचा असेल, उल्का मोजायच्या असतील किंवा देवयानीतली दीर्घिका टिपायची असेल, तर या सल्ल्याला तोड नाही. पण नॅरोबँड, म्हणजे प्रकाशाचा अरुंद पट्टाच आत घेणारा, फिल्टर लावून एखादा अगदी फिकट तेजोमेघ टिपायचा असेल, तर तो सल्ला अर्धाच खरा ठरतो, असं माझं म्हणणं आहे. या कामात टंचाई अंधाराची कमी आणि तासांची जास्त असते. तास मिळतात ते घराच्या गच्चीवर. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावासारख्या ठिकाणी हा हिशेब फार स्पष्ट दिसतो, कारण तिथलं आकाश ना हैदराबादसारखं पार गेलेलं, ना जंगलासारखं काळंभोर.

पैनगंगेच्या दक्षिणेला कापसाच्या शेतांमध्ये वसलेल्या या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात आकाश तीन वेगवेगळ्या कारणांनी बिघडतं. पहिलं कारण दिव्यांचं. पश्चिमेच्या क्षितिजावर आदिलाबादचा उजेड असतो, पूर्वेला कोरपन्याच्या पलीकडे गडचांदूर आणि आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांचा, आणि डोक्याशेजारी रस्त्यावरचा पांढरा एलईडी. दुसरं धुळीचं आणि धुराचं. वेचणी संपली की पऱ्हाटी जाळली जाते आणि फेब्रुवारीनंतर तारे मळकट दिसू लागतात. तिसरं कारण चंद्र, आणि त्याला कोणी प्रदूषण म्हणत नाही. पावसाळा तर हिशेबातच धरायचा नाही. म्हणजे चांगल्या रात्री उरतात मुख्यतः हिवाळ्यातल्या, आणि त्यातल्याही निम्म्या चंद्राच्या. ‘खराब आकाश’ या एकाच नावाखाली हे तिन्ही दोष मोडतात, पण फिल्टरचं नातं तिघांशी वेगवेगळं आहे, आणि बहुतेक गैरसमज हा भेद न केल्यामुळे होतात.

उदाहरणाला सिमेइस १४७ घेऊ. वृषभ आणि सारथी यांच्या सीमेवर, अग्नी ताऱ्याच्या पूर्वेला जेमतेम तीन अंशांवर, स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचा हा अवशेष पसरला आहे. त्याचा व्यास सुमारे तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढा. तरीही दुर्बिणीला डोळा लावून तो दिसत नाही. त्याचा शोधसुद्धा १९५२ साली क्रिमियात लागला तो हायड्रोजनच्या लाल प्रकाशाजवळचा अरुंद पट्टाच आत घेणारा फिल्टर वापरून. बेलाच्या अक्षांशावरून, म्हणजे साधारण १९.७ अंश उत्तरेवरून, तो सर्वांत उंच असताना जवळजवळ डोक्यावर येतो आणि दररोज साडेआठ तासांहून जास्त वेळ क्षितिजापासून तीस अंशांच्या वर राहतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात हा सर्वांत उंचीचा क्षण मध्यरात्रीच्या आसपास येतो. म्हणजे बेलाच्या सर्वांत स्वच्छ आणि लांब रात्री नेमक्या याच्या वाट्याला येतात. इतक्या पसरट लक्ष्याला मोठी दुर्बीणही लागत नाही. १३५ किंवा २०० मिलिमीटरची चांगली लेन्स, ताऱ्यांमागे फिरणारं माउंट आणि थंड केलेला मोनो कॅमेरा एवढ्यावर भागतं. मात्र लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडी ठेवू नये. तिरप्या किरणांना फिल्टरचा पट्टा निळ्या बाजूला सरकतो आणि नेमकी हवी ती रेषा कापली जाते.

तेजोमेघ दिव्यासारखा सगळ्या रंगांत उजळत नाही, तो मोजक्या रेषांत उजळतो. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००.७ वर, गंधकाची जोडरेषा ६७१.६ आणि ६७३.१ वर. एलईडीचा आणि चंद्राचा प्रकाश मात्र सगळ्या वर्णपटावर पसरलेला असतो. सात नॅनोमीटरची फट ठेवली, की दृश्य प्रकाशाच्या सुमारे तीनशे नॅनोमीटरपैकी चाळिसावा हिस्साच आत येतो, आणि तेजोमेघाची रेषा जवळजवळ पूर्ण येते. फिल्टर प्रकाश वाढवत नाही, मागची गर्दी हटवतो. आता सोपा आकडा घेऊ. समजा एका पिक्सेलवर मिनिटाला तेजोमेघाचा एक इलेक्ट्रॉन जमतो आणि उघड्या आकाशाचे चाळीस. फिल्टर लावला की आकाशाचाही एकच उरतो. आकाश वजा करता येतं, त्याची थरथर वजा करता येत नाही, आणि ती एकूण इलेक्ट्रॉनांच्या वर्गमुळाइतकी असते. या हिशेबाने तेवढाच स्वच्छ फोटो मिळवायला फिल्टरशिवाय वीसपट वेळ लागेल. आता हाच फिल्टर घेऊन अंधाऱ्या जागी जा, जिथे आकाशाचा वाटा एकाऐवजी ०.२ आहे. मग काम घरच्यापेक्षा सुमारे १.७ पट वेगाने होतं. वीसपट कुठे आणि पावणेदोनपट कुठे! प्रवासाचा सगळा फायदा या पावणेदोन पटीत आहे. नागपूरच्या पलीकडे पेंचला २०२४ साली ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. तिथे जाऊन दोन रात्री काढल्या, तर घरच्या चार रात्रींपेक्षा थोडं कमीच पदरात पडतं.

व्यावसायिक वेधशाळांचा मार्ग वेगळा होता. बेलाचा भाग ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातल्या निजामिया वेधशाळेने हैदराबादेत लाखो ताऱ्यांच्या नोंदीचं काम केलं, पण १९६८च्या सुमारास ४८ इंची दुर्बीण बसवायची वेळ आली तेव्हा शहर सोडून रंगापूर गाठलं. ते योग्यच होतं. त्यांना ताऱ्यांचा पूर्ण वर्णपट हवा होता, आणि तिथे अरुंद फट चालत नाही. हौशी माणसाला जेव्हा एकच रेषा हवी असते, तेव्हा त्याच कारणासाठी गाव सोडायची गरज उरत नाही.

चंद्राचा हिशेब आणखी मजेचा आहे. हवेत विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून चांदणं ५०० नॅनोमीटरवर ६५६च्या जवळजवळ तिप्पट पसरतं. त्यामुळे अष्टमीपासून पुढे हायड्रोजन आणि गंधक, अमावास्येच्या आगेमागे ऑक्सिजन, अशी तिथीवार वाटणी करता येते. यात एक मेख मात्र आहे. मार्गशीर्षाची पौर्णिमा मृग नक्षत्राजवळ होते, महिन्याचं नावच त्यावरून पडलं, आणि सिमेइस १४७ त्याच भागात आहे. चंद्र दिवसाला साधारण तेरा अंश सरकतो, म्हणून त्या पौर्णिमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे तीन-तीन दिवस सोडून द्यावेत. पौषात चंद्र पुष्याजवळ गेलेला असतो आणि तक्रार बरीच कमी होते.

या पद्धतीवर सर्वांत जोरात घेतला जाणारा आक्षेप रंगांचा. हबलच्या १९९५च्या गरुड तेजोमेघातल्या खांबांसारखं गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला, की लोक म्हणतात, हे खोटं आहे. डोळ्याला दिसतं ते खरं, हे मानलं तर आक्षेप बरोबर आहे. पण हायड्रोजन आणि गंधक दोन्ही लाल आहेत, डोळा ते वेगळे करूच शकत नाही. गंधकाची रेषा हायड्रोजनच्या साधारण ०.४ पटीच्या वर गेली, तर तो वायू ताऱ्याच्या उजेडाने नव्हे तर स्फोटाच्या धक्क्याने तापलेला असण्याची शक्यता मोठी, ही खगोलशास्त्रज्ञांची नेहमीची खूण आहे. दोघांना एकच लाल रंग दिला तर ही खूण पुसली जाते. खोटेपणा रंगात नसतो, कोणता रंग कशाला दिला हे न सांगण्यात असतो.

खरी चिंता मला सॉफ्टवेअरची वाटते. फोटोतली थरथर पुसून टाकणारे नवे प्रोग्रॅम फिकट धाग्यांच्या जागी सुबक धागे काढून देतात, आणि सिमेइस १४७ तर सगळाच धाग्यांचा गुंता. त्याला साधी परीक्षा आहे: जमवलेले तास दोन वाट्यांत विभागायचे, दोन्ही वेगळे रचायचे, आणि जो धागा दोन्हींत आहे तोच मानायचा. गच्चीवर भरपूर तास जमलेले असतात, म्हणून ही चैन परवडते. दोन रात्रींच्या सहलीत अर्धे अर्धे केले तर हातात काहीच उरत नाही.

फिल्टरच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धूळ आणि धूर तेजोमेघाचाच प्रकाश गिळतात, तिथे फिल्टर हतबल आहे. कृत्तिकांभोवतीची निळी धूसरता ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश असल्याने तिलाही उपयोग नाही. आणि फिल्टर मिळाला म्हणून दिव्यांवर टोपी बसवायचं टाळलं, तर फोटो काढणाऱ्या एकट्याची सोय होते, गावातल्या बाकीच्यांचं आकाश आहे तसंच उजेडाने फिकटलेलं राहतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शिवाय सिमेइस १४७चा ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा कितीतरी फिकट आहे. त्याला बिनचंद्राच्याच रात्री हव्यात, आणि हिवाळ्यात अमावास्या जेमतेम तीन-चार येतात, त्यातही एखादी ढगात जाते, एखाद्या रात्री दव लेन्सवर बसतं. माघ सरता सरता हा भाग रात्र पडतानाच पश्चिमेकडे कललेला असतो, नंतर उतरतो तो आदिलाबादच्या उजेडात आणि पऱ्हाटीच्या धुरात. ऑक्सिजनचे राहिलेले तास मग पुढच्या मार्गशीर्षावर जातात.